लाइमलाइटमधलं लिंबू: वाक्प्रचार शिकवणाऱ्या एका अ‍ॅपविषयी

पाचपैकी अडीच तारे. दोन उच्चारांचे, आणि अर्धा मराठीतून शिकवायचं मनावर घेतल्याबद्दल. अ‍ॅपचं नाव देत नाही. एकाच साच्यातून काढलेली अशी बरीच अ‍ॅप सध्या फिरताहेत: रोज एक इंग्रजी वाक्प्रचार, खाली मराठी अर्थ, एक चित्र, दोन-तीन उदाहरणं आणि शेवटी प्रश्न. यातलं कुठलंही घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचून घ्या.

थोडं स्वतःबद्दल सांगतो, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. व्यावसायिक, प्रायोगिक, स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग, बोलावतील तिथे जातो. आमच्या धंद्यात इंग्रजी शब्दांना तोटा नाही. डिमर, पार, बॅटन, फेड, ब्लॅकआउट, फॉलो. ऑपरेटरला सूचना द्यायला तेवढं पुरतं. पण परदेशात प्रयोग लागला की तिथल्या हॉलच्या माणसाशी अख्खी वाक्यं बोलावी लागतात, त्याच्या मेल वाचाव्या लागतात, आणि ही मंडळी सरळ म्हणून बोलत नाहीत. लेक म्हणाली, बाबा, क्लास लावण्यापेक्षा हे घे, लोकलमध्ये बसल्या बसल्या होईल. वर्षाचे ७९९ रुपये भरले. (लोकलमध्ये बसायला मिळतं हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.)

अ‍ॅपमध्ये वाक्प्रचार विषयवार लावलेत. पैसा, आरोग्य, ऑफिस, प्रसिद्धी असे कप्पे आहेत. मी थेट प्रसिद्धीच्या कप्प्यात शिरलो. इंग्रजीतले प्रसिद्धीचे बरेचसे वाक्प्रचार नाटकाच्या थिएटरातून बाहेर पडलेले आहेत, म्हणजे विषय आपल्या गल्लीतला. आणि मास्तर कसा आहे हे बघायचं असेल तर आपल्याला येतं तेच त्याला विचारावं.

पहिलंच कार्ड निघालं ‘इन द लाइमलाइट’. चित्रात अर्धं कापलेलं हिरवंगार लिंबू आणि त्यातून चहूकडे किरण. चित्राखाली मराठी: ‘चुन्याच्या प्रकाशात असणे, लोकप्रिय असणे.’ म्हणजे लिहिणाऱ्याला चुना ठाऊक होता, चित्र काढणाऱ्याला (की काढणाऱ्या यंत्राला?) लिंबू, आणि दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये कुणी नव्हतं. इंग्रजीत दोन्ही ‘लाइम’च, पण घराणी वेगळी. फळाचा लाइम अरबी-फारसीकडून आला, चुन्याचा लाइम जुन्या इंग्रजीतला. इतकंच असतं तर हसून पुढे गेलो असतो. पण खुलासा म्हणून खाली एकच ओळ होती: ‘पूर्वी नाटकात असा दिवा वापरत.’ खेळ खल्लास. चुना पेटतो कसा, नाटकात गेला कसा, आणि त्याचा लोकप्रियतेशी संबंध काय, हे गिऱ्हाइकाने विचारायचं नाही. ७९९ रुपयांत आपल्यालाच चुना.

तर ते मी सांगतो.

कळीचा चुना घ्यायचा, म्हणजे भट्टीतून निघालेला, पाणी न मारलेला. ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र जाळून ती ज्योत त्यावर मारायची. चुना जळत नाही. सहजी वितळतही नाही, कारण त्याचा वितळबिंदू २६०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. तो नुसता तापत जातो आणि डोळ्याला सहन होणार नाही असा पांढरा उजेड फेकतो. १८२०च्या दशकात गोल्डस्वर्दी गर्नी नावाच्या कॉर्नवॉलच्या डॉक्टराने अशी ज्योत देणारी फुंकनळी बनवली आणि चुन्याचा हा गुण त्याच्या नजरेला आला. पुढे थॉमस ड्रमंड या लष्करी इंजिनियरने तो दिवा सर्वेक्षणासाठी उचलला. आयर्लंडची मोजणी चालू होती आणि दोन डोंगरांमध्ये धुकट हवा. नेहमीचे दिवे पलीकडून दिसेनात. १८२५मध्ये त्याने डोनेगलमधल्या एका डोंगरावर हा दिवा लावला, तो शंभर किलोमीटरहून लांब, बेलफास्टजवळच्या डोंगरावरून दिसला. झालं, दिव्याला नाव पडलं ‘ड्रमंड लाइट’, आणि गर्नी मागे राहिला. न्यूयॉर्कमध्ये बार्नमने, तोच तो सर्कशीचा तमाशेवाला बार्नम, आपल्या म्युझियमच्या गच्चीवर ड्रमंड लाइट चढवून ब्रॉडवेवर उजेड पाडला. जाहिरातदाराला वस्तू कशी वापरायची ते शास्त्रज्ञाच्या आधी कळतं.

नाटकवाल्यांकडे हा दिवा १८३०च्या दशकात आला. १८३६मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे एका जादूगाराच्या उघड्यावरच्या खेळाला तो लावला, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरमध्ये. त्याआधी रंगमंचावर मेणबत्त्या, तेलाचे दिवे आणि मग गॅस. त्यांचा उजेड सगळ्यांवर सारखा सांडायचा. पुढच्या कडेला असलेले फूटलाइट तर खालून तोंडावर मारायचे, त्यात राजाही भुतासारखा दिसायचा आणि भूतही. दहा माणसं उभी असताना त्यातल्या एकालाच उचलून दाखवायची सोय नव्हती. लाइमलाइटचा उजेड एका लहानशा ठिपक्यातून येतो, त्याच्यापुढे भिंग धरलं की झोत बनतो. झोत फिरवता येतो. नायिका विंगेतून आत आली की तिच्याबरोबर चालवता येतो. आमच्या कामात ही क्रांतीच.

आता याच्या मागे बसलेल्या माणसाकडे बघा, कारण अ‍ॅपने नेमकं त्यालाच गाळलंय. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस लागे, लाइम्समन. चुन्याची करंगळीएवढी कांडी सळईवर उभी, ज्योत तिच्या एका बाजूवर. ज्योत जिथे लागते तिथे कांडीला खड्डा पडू लागतो. तो खोल गेला तर ज्योत त्यातून उलटून भिंगाकडे येते आणि भिंग तडकतं. म्हणून लाइम्समनने कांडी दर थोड्या वेळाने थोडीशी फिरवत राहायची. दोन गॅसच्या दोन तोट्या, त्या दोन्हींवर बोटं. सुरुवातीच्या काळात गॅस मोठ्या पिशव्यांत भरत आणि दाब यावा म्हणून पिशव्यांवर फळी ठेवून वजनं चढवत. दोन गॅस नको तिथे एकत्र झाले तर धडाका. शिवाय कळीचा चुना हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि फुटून भुगा होतो, म्हणून कांड्या बंद डब्यात जपायच्या. हे सगळं वर, अरुंद फळीवर बसून, उकाड्यात, आणि त्यातच झोत नटीच्या चेहऱ्यावरून ढळू द्यायचा नाही. माझ्याकडचा फॉलोवाला, म्हणजे नटाबरोबर झोत चालवणारा पोरगा एलईडीचा दिवा फिरवताना ‘दादा, हात दुखतो’ म्हणतो, त्याला हे सगळं एकदा ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, त्यांना नाइट किती मिळायची? (नाइट म्हणजे आमच्याकडे एका प्रयोगाचे पैसे.)

लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ साली विजेने उजळलं, जवळपास बाराशे दिव्यांनी. हळूहळू लाइमलाइटची जागा विजेच्या आर्क दिव्यांनी घेतली. हेन्री आयर्विंगसारखा नट-व्यवस्थापक मात्र आपल्या लायसियम थिएटरमध्ये गॅस आणि लाइमलाइटलाच धरून बसला, कारण त्या उजेडाचा मऊपणा त्याला विजेत दिसेना. त्यावर मी पानंच्या पानं लिहू शकतो, पण इथे अ‍ॅपबद्दल लिहायला बसलोय. १८७०च्या दशकापर्यंत ‘लाइमलाइटमध्ये असणे’ म्हणजे लोकांच्या नजरेत असणे, हा अर्थ रूढ व्हायला लागला होता. दिवा गेला, वाक्प्रचार राहिला. आणि दिव्याचं नावही पूर्ण गेलेलं नाही. लंडनच्या आमच्या प्रयोगाला हेडफोनवर तिथली स्टेज मॅनेजर बाई म्हणाली, ‘लाइम वन, पिक हर अप लेफ्ट.’ विलायती नाटकवाले फॉलो स्पॉटला आजही ‘लाइम’ म्हणतात. मला ऐकून गुदगुल्या झाल्या. शेजारी बसलेल्या आमच्या संगीत संयोजकाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईने सरबत मागवलंय. हे वाक्य किंवा यासारखं एखादं कार्डावर असतं तर त्या ७९९मधले शंभर तरी वसूल झाले असते.

इतिहास कशाला हवा, अर्थ कळला की झालं, असं कुणी म्हणेल. नाही होत. अ‍ॅपचा सगळा घोळ इथेच आहे. ‘लोकप्रिय असणे’ एवढा अर्थ पाठ केला की वाक्य बनवताना माणूस अडतो, कारण पुढे कुठलं क्रियापद लावायचं ते कळत नाही. दिवा डोळ्यांसमोर असला की क्रियापदं आपोआप येतात. झोत एकच आहे, म्हणून त्यात शिरता येतं, त्यातून बाहेर पडता येतं, दुसऱ्यावरचा आपल्यावर ओढता येतो, कुणाबरोबर वाटून घेता येतो, नको असेल तर टाळता येतो. इन, आउट ऑफ, स्टील, हॉग, शेअर, शन. सगळे त्या एका वर्तुळाचेच खेळ आहेत. अ‍ॅपमध्ये हे प्रकार पाच वेगळ्या कार्डांवर, पाच वेगळ्या दिवशी येतात, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं कुठे वाटतच नाही.

शिवाय मराठी. ‘स्टील द लाइमलाइट’ला अ‍ॅप म्हणतं, ‘दुसऱ्याची लोकप्रियता चोरणे’. असं कोण बोलतं? तीन मिनिटांच्या भूमिकेत आलेला नोकर टाळ्या घेऊन गेला तर आपण म्हणतो, भाव खाऊन गेला. बास. ‘स्टे आउट ऑफ द लाइमलाइट’ला ‘प्रकाशापासून दूर राहणे’ लिहिलंय, त्वचारोगतज्ज्ञाने सांगितल्यासारखं. पडद्याआड राहणे हा शब्द आपल्याकडे आयता आहे, तोही नाटकातलाच. आणि ‘इन द लाइमलाइट’साठी पर्याय म्हणून दिलंय ‘उजेडात येणे’. उजेडात घोटाळा येतो, लफडं येतं. नटी येते ती प्रकाशझोतात. वर्तमानपत्रांनी हा प्रकाशझोत इतका वापरलाय की शब्द गुळगुळीत झालाय, पण लाइमलाइटला त्याच्याइतका चपखल दुसरा नाही. झोत म्हटलं की तो कुणीतरी मारलेला असतो हे त्यातच येतं.

सर्वात मोठी खटकणारी गोष्ट ‘हॉग द लाइमलाइट’ची. प्रश्नमंजूषेत वाक्य होतं की नव्या कप्तानाने लाइमलाइट हॉग केला, आणि विचारलं होतं की हे कौतुक आहे की टीका. मी टीका म्हटलं. अ‍ॅपने लाल फुली मारली. बरोबर उत्तर म्हणे कौतुक, ‘खूप प्रसिद्धी मिळवली’. हॉग म्हणजे डुक्कर. त्यावरून झालेलं क्रियापद म्हणजे सगळं ताट आपल्याकडे ओढून खाणं, दुसऱ्याला शिल्लक न ठेवणं. इंग्रजाच्या लेखी ही सरळ टीका आहे. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी मात्र ते मथळ्यात कौतुकाने वापरायची रीत पाडली. अमक्या शाळेच्या मुलींनी स्नेहसंमेलनात लाइमलाइट हॉग केला, म्हणजे बिचाऱ्यांनी बक्षिसं मिळवली. अ‍ॅपने बहुतेक तिथूनच उचललं. पुण्यात किंवा नागपुरात चालून जाईल. पण परदेशातल्या यजमान बाईंना त्यांच्या लेकीचं नृत्य बघून प्रेमाने ‘शी हॉग्ड द लाइमलाइट’ म्हणालात तर पुढचा चहा थंडच मिळेल. गंमत म्हणजे याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, चमकोगिरी. फ्लेक्सवर आमदाराशेजारी स्वतःचा फोटो मोठा छापणारा, सत्काराच्या फोटोत हाराच्या आत डोकं घालणारा, तो हॉग करतो. चमकोगिरी हा शब्द सुचवला असता तर मराठी माणसाला हा वाक्प्रचार जन्मात चुकला नसता.

याच रांगेत आणखी एक बारीक चूक. अ‍ॅप लाइमलाइट आणि स्पॉटलाइट हे समानार्थी म्हणून देतं. पुष्कळदा चालतात, पण सगळीकडे नाही. एखाद्या कंपनीचे हिशेब ‘स्पॉटलाइट’मध्ये येतात तेव्हा तिथे चौकशी आहे, बारीक नजर आहे. लाइमलाइटमध्ये सहसा कौतुकाची, मिरवण्याची हवा असते. तसंच ‘द’ गाळू नये. ‘केम इन्टू लाइमलाइट’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, आणि अ‍ॅपच्या एका उदाहरणातही तसंच छापलंय. शिकवणाऱ्याने तरी हे बघायला हवं होतं.

चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल माणूस पैसे परत मागायला बसलाय. ‘अपस्टेज’चं कार्ड छान आहे. अर्थ ‘वरचढ ठरणे, दुसऱ्याला झाकोळणे’ असा अचूक दिलाय, आणि ऑफिसातलं उदाहरणही जिवंत आहे. मूळ तेवढं सांगायला हवं होतं. जुने रंगमंच मागे चढते असत, म्हणून मागचा भाग ‘अप’. नट मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, मग टाळ्या कुणाला? आमच्याकडे काही ज्येष्ठ मंडळी हे आजही इतक्या सफाईने करतात की समोरच्या नव्या मुलाला प्रयोग संपेपर्यंत पत्ता लागत नाही. ‘वेटिंग इन द विंग्ज’लाही ‘विंगेत तयार उभा’ असं सरळ मराठी दिलंय. इथे लिहिणारा माणूस नाटक बघणारा असावा, लाइमलाइटच्या दिवशी बहुधा रजेवर होता.

उच्चारांचे दोन तारे मात्र मनापासून. प्रत्येक वाक्य आधी भारतीय आवाजात, मग ब्रिटिश आवाजात, आणि हवं तर संथ गतीत ऐकता येतं. शब्द कुठे जोडून बोलतात, कुठला गिळतात, हे त्या संथ गतीत स्वच्छ कळतं. परदेशी टेक्निशियनचं बोलणं मला पूर्वीपेक्षा बरंच समजतं, त्याचं श्रेय या आवाजांना. झालेली कार्डं काही दिवसांनी पुन्हा समोर आणायची त्यांची पद्धतही चांगली आहे, विसरायच्या बेताला आलेलं बरोबर आठवतं.

वैतागाच्या गोष्टी दोन. अ‍ॅपची आठवण करून देणारी टणटण संध्याकाळी येते आणि तिची वेळ बदलायला गेलं की बदलली म्हणतं, पण बदलत नाही. माझी क्यूशीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा याची यादी, टॅबवर असते. तिसरी घंटा झालेली, पडदा वर जायला लागलेला, आणि क्यूशीटवर पिवळी पट्टी: ‘आज तुमचा दिवस चमकवा!’ टॅबवरून अ‍ॅप काढून टाकलं, फक्त फोनवर ठेवलं. दुसरी म्हणजे मदतीची सोय. लिंबू आणि हॉग या दोन्हींबद्दल मी सविस्तर लिहिलं, मराठीत. उत्तर इंग्रजीत आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. लिंबू अजून चमकतंय.

घ्यावं का? दहावी-बारावीच्या मुलांनी परीक्षेसाठी यावर विसंबू नये, प्रश्नमंजूषेची उत्तरं तपासून घ्यावीत. ऐकून समजायची अडचण असेल, विशेषतः परदेशी जाणार असाल, तर फुकटचा भाग वापरा. त्यात आवाज सगळे आहेत, दिवसाला कार्डं कमी मिळतात एवढंच. ७९९ भरायची गरज नाही. ज्यांनी आधीच भरलेत त्यांच्यासाठी: पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले जातात आणि ते थांबवायचं बटण अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शोधून सापडणार नाही. अँड्रॉइडवर असाल तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी मारा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा, तिथून रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत.